स्मृती आणि विद्युत्प्रवाह

पाठांतराची परंपरा आपल्या देशात फार जुनी आहे. वेदांच्या संहिता शतकानुशतके मुखाने सांगून आणि कानाने ऐकूनच जतन केल्या गेल्या. त्यांतील एक अक्षरही ढळू नये म्हणून पद, क्रम, जटा, घन अशा पठणाच्या पद्धती योजल्या गेल्या. त्यांपैकी कित्येकींत तेच शब्द निरनिराळ्या क्रमाने पुनःपुन्हा उच्चारावे लागत. महाराष्ट्रातील घराघरांत दिवेलागणीच्या वेळी मुलांकडून पाढे आणि परवचा म्हणवून घेण्याची चाल होती, तिच्या मुळाशीही हाच अनुभव होता. जे वारंवार म्हटले जाते ते टिकते, हे शिक्षणशास्त्र जन्माला येण्यापूर्वीच लोकांना ठाऊक होते.

परंतु याच घरांत दुसरेही एक दृश्य पाहावयास मिळते. लहानपणी शिकलेली ओवी न अडखळता म्हणणाऱ्या आजीला आपण आज जेवलो की नाही, हे सांगता येत नाही. काही काळाने ती नातवंडांची नावे विसरते. पुढे घरचा रस्ताही विसरते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीवरून असा अंदाज करण्यात आला की, भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ ८८ लक्ष माणसे स्मृतिभ्रंशाने पीडित आहेत. या विकारात नाहीशी झालेली स्मृती परत आणून देणारे औषध अद्याप उपलब्ध नाही.

मेंदूचे कार्य विद्युत्-संदेशांनी चालते, हे आता सर्वमान्य झाले आहे. तेव्हा बाहेरून योग्य असा विद्युत्प्रवाह देऊन दुबळी झालेली स्मृती सावरता येईल काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांपुढे उभा राहणे स्वाभाविक होते. या प्रश्नाचे उत्तर शोधताना काय हाती आले आणि काय निसटले, त्याची ही हकीकत आहे.

मेंदूतील वीज

इटलीतील बोलोन्या येथील शरीरशास्त्रज्ञ लुइजी गॅल्व्हानी याने मेलेल्या बेडकाच्या पायाला विजेचा स्पर्श होताच तो आखडतो, असे दाखविले व १७९१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. सजीवांच्या शरीरातील विजेच्या अभ्यासाचा पाया त्या प्रयोगांनी घातला. १८७० साली जर्मनीत फ्रिच आणि हिट्झिग या दोघांनी कुत्र्याच्या मेंदूच्या पृष्ठभागावर ठराविक ठिकाणी क्षीण प्रवाह सोडला, तेव्हा शरीराच्या दुसऱ्या बाजूचे ठराविक स्नायू हालले. मेंदूच्या निरनिराळ्या भागांकडे निरनिराळी कामे सोपविलेली असतात, याला त्यामुळे प्रत्यक्ष पुरावा मिळाला.

मनुष्याच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात. प्रत्येक पेशीच्या आवरणाच्या आत व बाहेर विद्युत्-भारित कणांचे प्रमाण सारखे नसते. त्यामुळे पेशी विश्रांत असताना तिच्या आत आणि बाहेर सुमारे ७० सहस्रांश व्होल्टचा विद्युत्-दाबाचा फरक राहतो. पेशी उद्दीपित झाली की हा फरक क्षणभर उलटतो आणि ती विद्युत्-लहर तंतूवरून पुढे धावते. तंतूच्या टोकाशी पोहोचल्यावर तेथून बहुधा रासायनिक द्रव्ये स्रवतात आणि पुढल्या पेशीला संदेश देतात. दोन पेशींमधील या संधिस्थानाला अनुबंधन असे म्हणतात.

लक्षावधी पेशी एकाच वेळी कार्य करू लागल्या की त्यांच्या एकत्रित लहरी डोक्याच्या कातडीवरूनही टिपता येतात. १९२४ साली जर्मनीतील येना येथे हान्स बर्गर याने मनुष्याच्या मेंदूचा असा पहिला आलेख काढला. त्याचे वृत्त १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले. या लहरींची गती निरनिराळी असते. गाढ झोपेत त्या संथ असतात. नवीन गोष्ट मनात साठविताना वा आठविताना दर सेकंदाला चार ते आठ आवर्तने असलेल्या लहरींना विशेष महत्त्व येते. त्यांना ‘थीटा’ लहरी हे नाव आहे. वृंदगायनात ताल धरणारा जसा सर्वांना एकत्र बांधून ठेवतो, तसे दूरदूरच्या भागांचे कार्य एकत्र आणण्याचे काम या लहरी करीत असाव्यात, असे पुष्कळ शास्त्रज्ञ मानतात.

स्मृतीचे स्थान

स्मृती मेंदूच्या कोणत्या भागावर अवलंबून असते, याचे ज्ञान एका दुर्दैवी प्रसंगातून झाले. हेन्री मोलायसन या अमेरिकन तरुणाला अपस्माराचे तीव्र झटके येत असत. १९५३ साली शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल याने त्याच्या मेंदूतील दोन्ही कानशिलांच्या आतल्या बाजूचा काही भाग काढून टाकला. झटके पुष्कळ कमी झाले. परंतु त्या दिवसानंतर त्याला कोणतीही नवी घटना लक्षात ठेवता येईना. भेटून गेलेली व्यक्ती थोड्या वेळाने परत आली तर ती त्याला अनोळखी वाटे. मात्र त्याची बुद्धी शाबूत होती आणि बालपणीच्या कित्येक आठवणीही कायम होत्या. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर हिने त्याची बारकाईने तपासणी केली. तिने आणि स्कोव्हिलने १९५७ साली त्यासंबंधीचा प्रबंध प्रसिद्ध केला.

काढलेल्या भागात हिपोकॅम्पस नावाच्या अवयवाचा मोठा हिस्सा होता. समुद्रघोडा या माशाशी आकाराने साम्य असल्यामुळे त्याला हे ग्रीक नाव मिळाले. नवी आठवण घडविण्यास हिपोकॅम्पस आवश्यक असतो. जुन्या आठवणी मात्र हळूहळू मेंदूच्या इतर भागांच्या आधाराने टिकू लागतात. अल्झायमरच्या विकारात हिपोकॅम्पस व त्याच्या आसपासचा भाग लवकर क्षीण होऊ लागतो. आजीला जुनी ओवी आठवते आणि सकाळचे जेवण आठवत नाही, याचे कारण येथे सापडते.

वारंवार म्हटलेले का टिकते, याचाही उलगडा पुढे होऊ लागला. दोन पेशी एकत्र उद्दीपित होत राहिल्या तर त्यांच्यातील बंध दृढ होत असावा, असे कॅनडातील मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब याने १९४९ साली सुचविले होते. ऑस्लो येथे टेर्ये लोमो व टिमोथी ब्लिस यांनी बेशुद्ध केलेल्या सशांच्या हिपोकॅम्पसकडे जाणाऱ्या तंतूंना शीघ्र विद्युत्-स्पंदांची मालिका दिली. तेव्हा तेथील अनुबंधनांची संदेश पोहोचविण्याची शक्ती वाढली आणि ती वाढ कित्येक तास टिकली. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली: योग्य तऱ्हेने दिलेली वीज मेंदूतील जोडण्यांत टिकाऊ बदल घडवू शकते.

मानेसर येथील संशोधन

जोडण्या बदलण्याच्या या गुणाला मेंदूची घडणक्षमता म्हणता येईल. भारतात तिचा अभ्यास ज्या ठिकाणी चालतो, त्यांपैकी एक म्हणजे हरियाणातील मानेसर होय. दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरील हे गाव मोटारींच्या कारखान्यांमुळे प्रसिद्धीस आले. तेथेच अरवलीच्या टेकड्यांच्या सान्निध्यात राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र वसले आहे. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने १९९९ साली त्याची स्थापना केली. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ या त्याच्या संस्थापक संचालिका होत. २००२ साली केंद्राला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २००३ च्या डिसेंबरमध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी ते राष्ट्राला अर्पण केले.

येथील नीरज जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जारज्जूला इजा झालेल्या माकडांच्या मेंदूचा अभ्यास केला. हाताकडून येणारे संवेदनांचे संदेश तुटले की मेंदूतील हाताचे क्षेत्र निकामी पडून राहत नाही. काही काळाने ते चेहऱ्याच्या स्पर्शाला प्रतिसाद देऊ लागते. हा फेरबदल मुख्यत्वे मेंदूच्या तळाशी असलेल्या मस्तिष्कस्तंभात घडतो, असे त्यांनी २०१४ साली दाखविले. बदल एका ठिकाणी दिसतो आणि त्याचे मूळ दुसऱ्याच ठिकाणी असते, हा त्यातील बोध मेंदूला वीज देऊ पाहणाऱ्याने विसरू नये असा आहे. याच केंद्रात प्रवत मंडल यांच्या गटाने चुंबकीय अनुनादाच्या साहाय्याने जिवंत व्यक्तीच्या मेंदूतील ग्लुटाथायोन या रक्षक द्रव्याचे मोजमाप केले. अल्झायमरच्या रुग्णांच्या हिपोकॅम्पसमध्ये ते घटलेले आढळले. नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या गटाने २००९ साली देवनागरी लिपी वाचताना मेंदूचे कोणते भाग कार्य करतात हे पाहिले, तेव्हा डाव्या गोलार्धाबरोबर उजव्याचाही सहभाग दिसून आला. अशा अभ्यासांतून लगेच उपचार निर्माण होत नाहीत. परंतु मेंदूत काय, कोठे आणि केव्हा घडते हे कळल्यावाचून त्यात वीज सोडणे म्हणजे काळोखात बाण मारण्यासारखे आहे. गेल्या काही वर्षांतील प्रयोगांनी याचा चांगलाच प्रत्यय आणून दिला.

मेंदूच्या आत दिलेला प्रवाह

निरोगी मनुष्याची कवटी केवळ कुतूहलापोटी उघडणे कोणत्याही नीतीत बसत नाही. म्हणून या क्षेत्रातील बरेचसे ज्ञान अपस्माराच्या रुग्णांकडून मिळाले आहे. झटक्यांचे उगमस्थान शोधण्यासाठी त्यांच्या मेंदूत विद्युत् अग्रे, म्हणजे प्रवाह टिपणाऱ्या व देणाऱ्या बारीक तारा, बसवाव्या लागतात. त्यांची संमती घेऊन त्याच तारांच्या साहाय्याने स्मृतीचेही प्रयोग करता येतात. कॅनडातील माँट्रिऑल येथे वाइल्डर पेनफील्ड याने विसाव्या शतकाच्या मध्यकाळात जागृत रुग्णांच्या मेंदूला क्षीण प्रवाहाने स्पर्श केला असता त्यांपैकी थोड्यांना जुनी गाणी ऐकू आली वा गतकाळातील दृश्ये दिसली. या खऱ्या आठवणी होत्या की मेंदूने रचलेले भास, यावर पुढे पुष्कळ वाद झाला.

२००८ साली टोरांटो येथून एक अनपेक्षित वृत्त आले. अतिस्थूलतेवरील उपचार म्हणून आंद्रेस लोझानो व त्यांचे सहकारी एका रुग्णाच्या अधोथॅलॅमसमध्ये प्रवाह देत होते. त्या वेळी रुग्णाला अनेक वर्षांपूर्वी मित्रांसह एका उद्यानात घालविलेला प्रसंग एकाएकी आठवला, आणि प्रवाह वाढविताच तो अधिक स्पष्ट झाला. त्यावरून हिपोकॅम्पसशी संबंध असलेल्या तंतूंच्या जुडग्याला सतत प्रवाह देऊन अल्झायमरच्या रुग्णांना लाभ होतो काय, हे तपासण्यात आले. ४२ रुग्णांवर वर्षभर चाललेल्या या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांचे यंत्र सुरू होते आणि ज्यांचे बंद ठेवले होते, त्यांच्या स्मृतीत लक्षणीय फरक आढळला नाही.

दरम्यान, २०१२ साली कॅलिफोर्नियातील इत्झाक फ्रीड यांच्या गटाने सात रुग्णांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. हे रुग्ण संगणकाच्या पडद्यावरील शहरात टॅक्सी चालवून उतारूंना दुकानांपर्यंत पोहोचवीत. रस्ता शिकत असताना हिपोकॅम्पसच्या प्रवेशद्वारी असलेल्या भागाला प्रवाह दिला, तर ती ठिकाणे त्यांच्या अधिक चांगली लक्षात राहत. या वृत्ताने मोठी आशा निर्माण झाली. परंतु २०१६ साली अमेरिकेतील अनेक रुग्णालयांतील ४९ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात नेमके उलट आढळले. त्याच भागाला व हिपोकॅम्पसला दिलेल्या प्रवाहाने स्मृती मंदावली.

वेळेचे महत्त्व

दोन प्रामाणिक प्रयोगांतून असे परस्परविरोधी निष्कर्ष का यावेत? झोपाळ्याच्या उदाहरणाने हे समजू शकेल. झोपाळा मागे जाऊन परत फिरू लागला की त्याला हलकासा हात लावला तरी झोका वाढतो. तो वेगाने पुढे येत असताना समोरून धक्का दिला, तर तोच झोका अडतो. दोन्ही वेळी हाताचा जोर सारखा असेल, पण परिणाम उलट होतो. शिवाय जो झोपाळा आधीच पूर्ण झोक्यात आहे, त्याला मदतीची गरजच नसते.

मेंदूच्या बाबतीतही असेच काही घडते, याचा पुरावा पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील मायकेल कहाना यांच्या गटाने दिला. रुग्ण शब्दांची यादी पाठ करीत असताना त्याच्या मेंदूतील लहरी यंत्र सतत टिपत असे. कोणत्या लहरी असताना शब्द लक्षात राहतो आणि कोणत्या असताना निसटतो, हे यंत्र प्रथम शिकून घेई. स्मृतीची स्थिती दुबळी असताना दिलेला प्रवाह उपकारक ठरतो, आणि ती चांगली असताना दिलेला प्रवाह अडथळा आणतो, असे २०१७ साली दिसून आले. पुढल्या वर्षी या गटाने केवळ दुबळ्या क्षणीच प्रवाह देणारी योजना २५ रुग्णांवर वापरली. कानशिलामागील बाह्यकाच्या विशिष्ट भागाला असा प्रवाह दिला असता शब्द आठवण्याचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी वाढले.

या प्रयोगांचे सार असे की, वीज म्हणजे स्मृतीचे खाद्य नव्हे. अधिक वीज म्हणजे अधिक स्मृती, असा हिशेब येथे चालत नाही. मेंदूचा स्वतःचा ताल चुकत असेल, तर योग्य जागी व योग्य क्षणी दिलेला प्रवाह तो सावरू शकतो. ताल ठीक असता तोच प्रवाह तो बिघडवूही शकतो.

कवटीबाहेरून दिलेला प्रवाह

प्रत्येक विसराळू मनुष्याच्या मेंदूत तारा बसविणे शक्य नाही. म्हणून डोक्याच्या कातडीवर ओल्या पट्ट्या ठेवून क्षीण प्रवाह देण्याची रीत अभ्यासिली जात आहे. जर्मनीतील निट्शे व पाउलुस यांनी २००० साली या पद्धतीने मेंदूची उद्दीपनक्षमता बदलता येते असे दाखविले. यात साधारणतः एक ते दोन मिलिअँपिअर प्रवाह देतात. त्यातील बराचसा कातडीतूनच निसटतो आणि कवटीही अडसर घालते. आत पोहोचलेला अंश स्वतः पेशींना उद्दीपित करण्याइतका प्रबळ नसतो. उद्दीपित होण्याकडे त्यांचा कल तेवढा कमीअधिक करतो.

२००६ साली जर्मनीतील ल्यूबेक येथे झोपलेल्या तरुणांना गाढ झोपेच्या लहरींशी जुळणारा संथ प्रवाह देण्यात आला, तेव्हा झोपण्यापूर्वी पाठ केलेले शब्द त्यांना सकाळी अधिक आठवले. मात्र पुढे इतर काही प्रयोगशाळांत हा परिणाम मिळाला नाही. बोस्टन विद्यापीठातील रॉबर्ट राइनहार्ट यांच्या गटाने उलटसुलट वाहणारा प्रवाह वापरून २०२२ साली ६५ ते ८८ वर्षे वयाच्या व्यक्तींवरील प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांत एकूण १५० व्यक्तींनी भाग घेतला. चार दिवस रोज वीस मिनिटे प्रवाह दिल्यावर शब्द आठवण्यात सुधारणा झाली आणि ती महिनाभर टिकली. एका भागाला संथ लय दिली असता नुकतेच ऐकलेले शब्द आठवण्यास मदत झाली. दुसऱ्या भागाला शीघ्र लय दिली असता यादीच्या आरंभीचे, अधिक वेळ साठवावे लागलेले शब्द आठवण्यास मदत झाली. हे निष्कर्ष उत्साहवर्धक आहेत. तथापि ते निरोगी वृद्धांविषयी आणि शब्दांच्या यादीविषयी आहेत. स्मृतिभ्रंश झालेल्या आजीला घरचा रस्ता सापडेल, असे त्यांवरून सिद्ध होत नाही.

सावधगिरीची आवश्यकता

पट्ट्या, तारा आणि विजेरी यांपासून असे उपकरण तयार करणे अवघड नाही. काही देशांत अभ्यासाच्या सोयीसाठी वा कामाचा वेग वाढविण्यासाठी लोक ते घरी वापरू लागले आहेत. स्पर्धा परीक्षांच्या चिंतेने ग्रासलेल्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या पालकांना याचा मोह पडणे समजण्यासारखे आहे. परंतु २०१३ साली ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी दाखविले की, असा प्रवाह देऊन शिकण्याचा वेग वाढला तरी शिकलेल्याचा सहज वापर करण्याची शक्ती घटू शकते. पट्टीची जागा बदलली असता लाभ आणि हानी यांचीही अदलाबदल झाली. २०१६ साली या क्षेत्रातील शास्त्रज्ञांनी एक जाहीर पत्र काढून घरगुती वापर करणाऱ्यांना सावध केले. प्रवाहाचा परिणाम पट्टीखालच्या भागापुरता मर्यादित राहत नाही. तो व्यक्तीगणिक निराळा असतो आणि अपेक्षेहून अधिक काळ टिकू शकतो, असे त्यांनी बजावले. कातडीला भाजण्याचाही धोका असतो.

प्रबळ विजेचा स्मृतीवर काय परिणाम होतो, हे तर वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. १९३८ साली इटलीत सुरू झालेला विद्युत्-झटक्यांचा उपचार तीव्र विषण्णतेवर गुणकारी ठरतो. पण त्यानंतर काही रुग्णांना उपचाराच्या आसपासच्या काळातील गोष्टी आठवत नाहीत. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने हा उपचार भूल दिल्याशिवाय करण्यास मनाई केली आहे. वीज हे औषध आहे, म्हणून त्याची मात्रा, वेळ आणि देणारा हात यांवर बंधन असलेच पाहिजे.

कंपवातावर मेंदूत खोलवर प्रवाह देण्याची शस्त्रक्रिया मुंबईसह भारतातील अनेक शहरांत होत असते. तिच्याआधी मेंदूच्या त्या भागाच्या कार्याचा दीर्घकाळ अभ्यास झाला होता. स्मृतीच्या बाबतीतही मार्ग हाच आहे. मानेसरसारख्या ठिकाणी मेंदूच्या लहरी, त्यांतील द्रव्ये आणि जोडण्या यांचे जे धीम्या गतीने मोजमाप चालते, त्यातूनच कोणत्या झोपाळ्याला, केव्हा आणि किती हात लावावयाचा, हे कळेल.

तोपर्यंत जी साधने हाताशी आहेत ती कमी मोलाची नाहीत. पुरेशी झोप, व्यायाम, रक्तदाब व मधुमेह यांवर नियंत्रण, मंदावलेल्या श्रवणशक्तीवर वेळीच उपाय आणि माणसांची सोबत यांनी स्मृतीचे रक्षण होण्यास हातभार लागतो. दिवेलागणीला परवचा म्हणणाऱ्या मुलाच्या डोक्यातही शेवटी वीजच वाहत असते. ती त्याच्या मेंदूने स्वतः, स्वतःच्या तालावर निर्माण केलेली असते. त्याच्या शेजारी बसून आजी तोच पाढा म्हणू लागली, तर तिचाही ताल क्षणभर जुळतो. तो अधिक काळ जुळलेला राहावा, एवढीच या सर्व संशोधनाची अपेक्षा आहे.